सर्पगंधेचा वकील

(डॉ. रुस्तम जाल वकील : जीवन आणि कार्य)

राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीचा परिसर माणसांनी फुलून जातो. अमरावती-नागपूर हमरस्त्याच्या कडेने दुकाने लागतात. मुरमुरे-फुटाणे, खेळणी, भजनांची पुस्तके, खंजिऱ्या असे सारे काही तेथे मिळते. आणि कोठेतरी एका बाजूला, झाडाच्या सावलीत पोते अंथरून एखादा वैदू बसलेला असतो. त्याच्यापुढे साली, बिया आणि मुळ्या मांडलेल्या असतात. त्यांतली एक वाकडीतिकडी, मातकट रंगाची मुळी उचलून तो सांगतो, की ही सर्पगंधा आहे; ही पोटात गेली की तापलेले डोके निवते, उडालेली झोप परत येते, बडबडणारा वेडा शांत होतो. ऐकणाऱ्याने कशावरून असे विचारले, तर तो आपल्या आजा-पणजाचे नाव सांगतो. किती द्यायची असे विचारले, तर बोटांची चिमूट करून दाखवतो. आणि ही कोणाला लागू पडत नाही का, कोणाला बाधत नाही का, असे विचारले, तर मात्र तो रागावतो आणि मुळी पुन्हा पोत्यावर ठेवून देतो.

वैदू खोटे बोलत नसतो. त्या मुळीत ते गुण खरोखरच आहेत. पण कशावरून, किती आणि कोणाला नाही, हे तीन प्रश्न सुटल्यावाचून मुळीचे औषध होत नाही. या तीन प्रश्नांच्या मागे लागून ज्याने आपल्या देशातल्या एका रानवनस्पतीला जगाच्या वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले, तो माणूस आपल्याच महाराष्ट्रातला, मुंबईचा होता. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. आडनाव वकिलाचे, व्यवसाय वैद्याचा. सर्पगंधेची बाजू त्यांनी जगापुढे मांडली, आणि ती मांडताना विरुद्ध पुरावा लपविला नाही. त्यांच्या चरित्राचे सार या एका वाक्यात सांगता येईल. पण ते वाक्य किती महाग पडते, हे कळण्यासाठी सारी हकीकतच सांगायला हवी.

रुस्तम वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथील सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयात शिकले. १९३७ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळविली. अशा हुशार तरुणाला तिकडेच स्थिरावणे अवघड नव्हते. पण पुढच्याच वर्षी ते मायदेशी परत आले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करू लागले. परळ म्हणजे त्या काळचा गिरणगाव. भोंग्याच्या तालावर जगणारे कामगार, त्यांची कुटुंबे, कोकणातून आणि देशावरून आलेली गोरगरीब माणसे या रुग्णालयाच्या पायऱ्या चढत. या माणसांच्या छातीवर नळी ठेवून डॉ. वकील हृदयविकार शिकले आणि पुढे तेच शिकवू लागले.

त्या काळी वाढलेला रक्तदाब हा डॉक्टरला हतबल करणारा विकार होता. दाब मोजण्याचे यंत्र होते, पण दाब उतरविणारे भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती घ्या, मीठ सोडा, नुसत्या भातावर आणि फळांवर राहा, असे सांगितले जाई. झोपेच्या गोळ्या दिल्या जात. काही ठिकाणी तर पाठीच्या कण्याजवळचे मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून टाकीत. ही स्थिती काही केवळ गरीब देशांची नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचे डॉक्टर त्यांच्या दिमतीला होते. तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे निधन झाले. अध्यक्षांची ही गत, तर परळच्या गिरणी कामगाराची काय कथा!

आणि तरीही या विकारावरचे एक औषध आपल्या देशात रानोमाळ उगवत होते. सर्पगंधेचे झुडूप जेमतेम गुडघ्याएवढे. पानांचे झुपके, पांढरट-गुलाबी फुले, पिकल्यावर काळीभोर होणारी बारीक फळे, आणि खाली सापासारखी वळत गेलेली मुळी. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत सर्पगंधा हे नाव आढळते. ते याच वनस्पतीचे की दुसऱ्या एखादीचे, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु लोकांच्या वापरात ही मुळी शतकानुशतके आहे, यात वाद नाही. साप-विंचवाच्या दंशावर ती देत. बिहारमध्ये तर तिला सरळ वेड्यांचे औषध म्हणूनच ओळखत, आणि तान्ह्या मुलाने निजावे म्हणूनही काही आया ती उगाळून चाटवीत. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या कुळाला राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. हे राउवोल्फ महाशय पश्चिम आशियात फिरून परतले होते. भारतात ते कधी आलेच नाहीत. ज्यांनी ती मुळी पिढ्यान्‌पिढ्या उगाळली त्यांचे नाव मात्र कोठे राहिले नाही.

डॉ. वकील या मुळीकडे वळले तेव्हा वाट अगदीच कोरी नव्हती, हे सांगितले पाहिजे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा वैद्यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग होतो, असा निबंध प्रसिद्ध केला होता. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. कलकत्त्यालाच कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी प्राण्यांवर प्रयोग करीत होते. देशात सर्पगंधेच्या गोळ्याही बाजारात आल्या होत्या, आणि अनेक डॉक्टर त्या देऊ लागले होते.

मग डॉ. वकील यांनी नवे काय केले? त्यांनी मोजले. प्रश्न एवढाच होता, पण तो नीट विचारायला कोणी बसले नव्हते. औषध चांगले आहे असे दहा जण म्हणत होते. किती जणांना, किती प्रमाणात आणि किती दिवसांत, हे आकड्यांनी कोणी सांगत नव्हते. डॉ. वकील यांनी के. ई. एम. रुग्णालयातील रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले. ज्यांचा दाब निश्चितपणे वाढलेला आहे आणि ज्यांना इतर उपायांनी फारसा गुण आलेला नाही, अशांचाच त्यांत समावेश होता. औषधापूर्वीचा दाब आणि औषधानंतरचा दाब टिपून ठेवला. चार आठवड्यांनंतर हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ८५ टक्के रुग्णांचा वरचा दाब आणि सुमारे ८१ टक्के रुग्णांचा खालचा दाब उतरलेला दिसला.

यातून उरलेल्या टक्क्यांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. जाहिरात करणारा माणूस ८५ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापतो आणि १५ हा आकडा गिळून टाकतो. डॉ. वकील यांनी दोन्ही लिहिले. ज्या रुग्णाला गुण आला नाही तोही त्यांच्या कोष्टकात तेवढ्याच मानाने बसलेला आहे. न्यायालयातला वकील आपल्या अशिलाच्या विरुद्ध साक्ष स्वतःहून पुढे आणीत नाही. विज्ञानाच्या न्यायालयात मात्र ती आणावीच लागते, नाहीतर तुमच्या बाजूच्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

हा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजच्या मापाने ५० रुग्णांची चाचणी लहानच म्हणावी लागेल. अर्ध्या रुग्णांना खरे औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन तुलना करण्याची पद्धत त्या वेळी जगात नुकती रुजत होती. पण निबंध छापून आला त्या काळाचाही विचार करावा. देश स्वतंत्र होऊन दोनच वर्षे झालेली. पश्चिमेकडून औषधे आपल्याकडे यावयाची, हीच तोवरची रीत. त्या रीतीच्या उलट दिशेने परळच्या एका रुग्णालयातून एक भारतीय मुळी लंडनच्या विद्वानांसमोर गेली, तीही श्रद्धेच्या बळावर नव्हे, आकड्यांच्या बळावर.

निबंध वाचला गेला. अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. दाब उतरला, पण त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रुग्णांची चिंता कमी झालेली दिसे. झोपेच्या गोळीने येते तशी ती गुंगी नव्हती. माणूस जागा असे, बोले-चाले, पण त्याच्या मनावरचा ताण सैल झालेला असे. इकडे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतला मुख्य कार्यकारी घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याला रेसर्पिन हे नाव दिले. १९५६ साली रॉबर्ट वुडवर्ड यांनी तो प्रयोगशाळेत घडवूनही दाखविला.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन हे काम करीत. भारतात सर्पगंधेने मनोरुग्ण बरे होतात, अशी बातमी त्यांच्या वाचनात आली. त्यांनी रेसर्पिन आपल्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९५४ साली अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी एकट्या अमेरिकेत पाच लाखांहून अधिक माणसे मनोरुग्णालयांच्या भिंतीआड होती. त्यांना बांधून ठेवावे, विजेचे झटके द्यावेत, थंड पाण्यात बसवावे, यापलीकडे उपाय नव्हते. याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध पुढे आले होते. या दोन औषधांनी प्रथमच असे दाखविले, की वेड हा भूतबाधेचा किंवा पूर्वजन्मीच्या पापाचा विषय नसून मेंदूच्या कारभाराचा विषय आहे, आणि त्या कारभारात औषधाने हात घालता येतो.

१९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक या साऱ्या कामाबद्दल दिले गेले. वैद्यक क्षेत्रात या पारितोषिकाचा मान फार मोठा आहे. क्लाइन, लाबोरी, देनिकेर, लेमान, नोस या मनोविकारांवरील औषधांच्या संशोधकांबरोबर त्या यादीत मुंबईचे रुस्तम जाल वकील हे नाव होते. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

आता या मुळीने मेंदूत नेमके काय केले, ते पाहू. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये. हे समजायला आपल्या घरातली कणगी पुरेशी आहे. मेंदूतल्या एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो काही विशिष्ट रसायनांच्या हाती. सेरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन, डोपामिन ही त्यांतली काही नावे. पेशी ही रसायने तयार करते आणि आपल्या टोकाशी असलेल्या इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवते, शेतकरी जोंधळा कणगीत भरून ठेवतो तशी. निरोप पाठवायचा झाला की पिशवी उघडते. रेसर्पिन या पिशवीत माल भरण्याचे दारच बंद करते. मग आत माल जात नाही. बाहेर राहिलेला पेशीतले एक पाचक द्रव्य खाऊन टाकते. कणगीत भरायचे धान्य अंगणातच राहिले तर उंदीर आणि पाखरे त्याचे काय करतात, ते शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. काही तासांत कणगी रिकामी होते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ताणणारे निरोप थांबतात, म्हणून दाब उतरतो. मनाला ताणणारे निरोपही थांबतात, म्हणून माणूस शांत होतो.

हे कोडे सोडविण्याची सुरुवात १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत झाली. रेसर्पिन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे तेथे दिसून आले. त्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून गेलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी पुढचा प्रयोग केला. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडून राहत, हालचाल करीत नसत. कार्लसन यांनी त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. शरीरात गेल्यावर या द्रव्यापासून डोपामिन तयार होते. निपचित पडलेले ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. हा निबंध १९५७ सालचा. हालचालीवर ताबा ठेवण्यात डोपामिनचा मोठा वाटा आहे, हे त्यातून उलगडत गेले. हात-पाय कापणाऱ्या आणि अंग ताठरणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते, हे १९६० साली सिद्ध झाले आणि डोपा हे त्यावरचे औषध ठरले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की हे डोपा द्रव्य आपल्या कुंपणावर चढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असते, आणि भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३०-४० च्या दशकातच त्या बियांतून वेगळे काढले होते. कणगी रिकामी करणारी मुळी आणि ती भरणारी बी, दोन्ही आपल्याच रानातल्या!

पण कणगी रिकामी होते, या वाक्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ही कथा खरी होत नाही. १९५४ सालीच अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी एक इशारा दिला. रेसर्पिन मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना खोल नैराश्य आले होते. दाब उत्तम होता, पण जगण्यावरचे मनच उडाले होते. शांती आणि नैराश्य यांच्यात एवढे पातळ अंतर असते, हे त्या रुग्णांनी भोगून दाखविले. याच दुःखद अनुभवातून शास्त्रज्ञांच्या मनात विचार आला, की मेंदूतल्या या रसायनांचा साठा आटल्यामुळेच तर नैराश्य येत नसेल? पुढे नैराश्यावर जी औषधे निघाली, त्यांतली अनेक हीच रसायने टिकवून धरणारी आहेत. नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. लहान मात्रेत हा धोका फार नसावा, आणि नैराश्याचे कारणही एका रसायनाच्या कमतरतेइतके सरळ नाही, असे आज मानले जाते. तरीही ज्याला आधीच नैराश्य आहे त्याला हे औषध देऊ नये, हा नियम कायम राहिला.

नाक चोंदणे, सुस्ती येणे, जुलाब होणे, नाडी मंदावणे, पोटातील व्रण चिघळणे, हेही या औषधाचे दोष आहेत. विषविज्ञानाचा पहिला धडाच असा आहे, की विष आणि औषध या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. त्यांच्यामध्ये मात्रेची एक रेघ असते. उकिरड्यावर उगवणारा धोत्रा खाल्ला तर माणूस भ्रमिष्ट होऊन मरतो. पण त्याच जातीच्या वनस्पतीतून मिळणारे ॲट्रोपिन हे कीटकनाशकाच्या विषबाधेत शेतकऱ्याचे प्राण वाचविते. रेघ कोठे आहे, हे चिमटीने कळत नाही. त्यासाठी तराजू लागतो, वही लागते आणि न रागावता प्रश्न ऐकून घेणारे मन लागते.

डॉ. वकील यांच्यापाशी तसे मन होते. १९५५ साली त्यांनी अमेरिकेतील सर्क्युलेशन या नियतकालिकात सर्पगंधेवरील तोवरच्या साऱ्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. जग त्यांचे नाव घेत असताना इतरांचे काम नोंदविण्याला त्यांनी आपली लेखणी दिली. केवळ सर्पगंधेवर ते थांबलेही नाहीत. हृदयविकाराचा मोठा झटका येण्यापूर्वी छातीत दुखण्याची जी एक मधली अवस्था असते, तिच्यावर त्यांनी १९६० नंतरच्या काळात महत्त्वाचे निबंध लिहिले. रोग्याला पाहून, चाचपून, ऐकून निदान कसे करावे, याविषयी त्यांनी डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेले पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचले. वैद्यकाच्या इतिहासाचीही त्यांना गोडी होती; १९६१ साली त्यांचा त्या विषयावरील निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला.

२० नोव्हेंबर १९७४ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लॅन्सेट या नियतकालिकात रेसर्पिनविरुद्ध नवा आरोप छापून आला होता: हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसते, असा. पुढच्या अभ्यासांत त्या आरोपाला म्हणावा तसा दुजोरा मिळाला नाही. पण औषधाच्या नावाला बट्टा लागला तो लागलाच. दरम्यान अधिक सुटसुटीत आणि कमी त्रासदायक औषधेही निघाली. आज रक्तदाबासाठी रेसर्पिन क्वचितच दिले जाते, मनोविकारांसाठी तर ते केव्हाच मागे पडले. मेंदूतल्या त्याच पिशवीच्या दारावर काम करणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधे मात्र अनिवार हालचालींच्या विकारांत वापरली जातात.

मग डॉ. वकील यांचे काम वाया गेले काय? मुळीच नाही. औषध मागे पडते, मिळालेले ज्ञान मागे पडत नाही. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरविता येतो आणि उतरवावा, हा विश्वास ज्या काही कामांतून जगाला मिळाला, त्यांत परळच्या त्या ५० रुग्णांचा वाटा आहे. मनाच्या व्यथेला रसायनांची भाषा आहे, हे ज्या औषधांमुळे कळले, त्यांत या मुळीचा वाटा आहे. या मुळीने बरे केले त्याहूनही अधिक शिकविले. तिने केलेल्या अपायातूनसुद्धा माणूस शिकला, कारण तो अपाय कोणीतरी लिहून ठेवला होता.

आपल्याकडे दोन प्रकारची माणसे नेहमी भेटतात. एक म्हणतात, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, आता शोधायचे काही उरले नाही. दुसरे म्हणतात, झाडपाल्यात काही अर्थ नाही, तिकडून येईल तेच खरे. डॉ. वकील या दोघांच्याही पंक्तीला बसले नाहीत. पूर्वजांनी जे सांगितले ते त्यांनी हसण्यावारी नेले नाही आणि डोळे मिटून स्वीकारलेही नाही. ते रक्तदाबाचे यंत्र घेऊन रुग्णाच्या खाटेशी बसले. पूर्वजांचा मान राखण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

सर्पगंधेचीही आज दुर्दशा झाली आहे. औषध मुळीत असल्यामुळे झाड उपटावेच लागते. जगाची मागणी वाढली तशी ती रानातून ओरबाडली गेली, आणि दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात १९९० साली तिचा समावेश करावा लागला. गुरुकुंजात आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे. आपल्या पंचक्रोशीतल्या मुलांना या विद्येची दारे उघडी आहेत. ज्यांचा ओढा तिकडे असेल त्यांनी ही मुळी रानातून उपटण्याऐवजी वाफ्यात लावायला आणि चिमटीऐवजी तराजूने मोजायला शिकावे.

आणि जे आमच्यासारखे कला शाखेचे, त्यांच्यासाठीही यात एक गोष्ट आहे. आपल्या वऱ्हाडात नैराश्य हा काही पुस्तकातला शब्द नाही. पीक बुडाले, कर्ज थकले, मुलीचे लग्न अडले, की घरातल्या कर्त्या माणसाची झोप उडते. तो जेवत नाही, बोलत नाही, रात्रभर आढ्याकडे पाहत पडून राहतो. डोके तापले आहे, थंड करा, असे कोणी सुचवितो आणि घरचे लोक काळजीपोटी यात्रेतून मुळी आणतात. मुळी आपले काम करते. तो शांत होतो. घरच्यांना हायसे वाटते. पण ज्याची कणगी आधीच रिती होत आली आहे, तिच्यात उरलेले चार दाणेही आपण बाहेर काढले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा माणसाला मुळीची नव्हे, मनाच्या डॉक्टरची आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाची गरज असते.

पुढच्या पुण्यतिथीला त्या रस्त्याने जाल, तेव्हा वैदूच्या पोत्यापुढे क्षणभर थांबा. त्याची चेष्टा करू नका. त्याच्या हातात जे आहे त्याने जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना कामाला लावले होते. पण विकत घेण्यापूर्वी ते तीन प्रश्न त्याला जरूर विचारा: कशावरून, किती, आणि कोणाला नाही. तो रागावला तर रागावू द्या. आणि हेच तीन प्रश्न गावातल्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, गोळीच्या चकचकीत जाहिरातीपुढेही विचारा. परळच्या एका डॉक्टरने आयुष्यभर तेच विचारले, आणि आलेले उत्तर आपल्या बाजूचे असो वा नसो, ते लिहून ठेवले.